तनख्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत: राज्यसभा नेमकं काय करते?

5 सप्टेंबर 1970 रोजी राज्यसभेत एका घटनादुरुस्तीवर मतदान झालं. माजी संस्थानिकांचे तनखे, म्हणजे सरकारकडून त्यांना मिळणारी नेमणुकीची रक्कम, आणि विशेषाधिकार बंद करायचे, असं ते विधेयक होतं. लोकसभेनं ते तीनच दिवस आधी मंजूर केलं होतं. राज्यसभेत बाजूनं 149 मतं पडली, विरोधात 75. साध्या हिशेबानं सरकार जवळजवळ दुपटीनं जिंकलं होतं. पण घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. 224 चे दोन तृतीयांश म्हणजे 149 आणि वर एक तृतीयांश. एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि विधेयक बारगळलं.

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला हा विषय घरचा वाटावा असा आहे. सांगली, मिरजेच्या थोरल्या आणि धाकट्या पाती, जत, औंध, फलटण अशी संस्थानं आजच्या या दोन जिल्ह्यांत पसरलेली होती. आटपाडी तेव्हा औंधात होती. 1948 मध्ये ही संस्थानं विलीन झाली, आणि संस्थानिकांना तनखे मिळत राहतील हे वचन पुढं राज्यघटनेत लिहिलं गेलं. दिलेला शब्द मोडायचा, तर निदान घटनेनं आखलेल्या वाटेनं मोडा, एवढाच प्रश्न त्या दिवशी राज्यसभेपुढं होता.

तनखे बंद व्हायलाच हवे होते, असं माझं मत आहे. दुष्काळी जत-आटपाडीच्या शेतकऱ्याच्या करातून माजी राजांना तनखा देत राहणं कुणालाही पटवून सांगता आलं नसतं. पण पुढं काय झालं ते बघण्यासारखं आहे. विधेयक पडल्यावर लगेच सरकारनं राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1970 मध्ये तो आदेश रद्द केला. मग लोकसभा विसर्जित झाली. त्याला इतरही कारणं होती, पण तनख्यांचा प्रश्न प्रचारात ठळक राहिला. 1971 च्या निवडणुकीत सरकार प्रचंड बहुमतानं परत आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 26 व्या घटनादुरुस्तीनं तनखे कायमचे गेले. म्हणजे उशीर झाला तो जेमतेम सव्वा वर्षाचा. तेवढ्यात निर्णय लोकांच्या पुढं जाऊन आला आणि घटनेच्या रस्त्यानं झाला.

आता मूळ शंका. लोकसभा आपण थेट निवडतो. राज्यसभेचा एकही सदस्य आपण थेट निवडत नाही. मग आपण निवडलेल्या सभागृहाला दुसऱ्या सभागृहानं का अडवावं? संविधान सभेतही काही सदस्यांनी हाच आक्षेप घेतला होता. वरिष्ठ सभागृह म्हणजे प्रगतीच्या वाटेतला धोंडा, असं त्यांचं म्हणणं होतं. एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी जुलै 1947 मध्ये त्यांना उत्तर दिलं. त्यांचा रोख असा होता की क्षणिक भावनेच्या भरात एखादा कायदा आला तर तो थोडा लांबवावा, अनुभवी माणसांना चर्चेत जागा मिळावी, पण सरकारचं कामच ठप्प होईल इतकी ताकद या सभागृहाला देऊ नये. पुढच्या 75 वर्षांतल्या राज्यसभेचा आराखडा जवळपास या उत्तरातच आहे.

राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात. घटनेनुसार जास्तीत जास्त 250 सदस्य असू शकतात. सध्याची संख्या 245 आहे, त्यातले 233 निवडून येतात आणि 12 राष्ट्रपती नेमतात. महाराष्ट्राच्या वाट्याला 19 जागा आहेत. उत्तर प्रदेशला 31, सिक्कीमला आणि गोव्याला एकेक. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला सारख्याच दोन जागा असतात. आपल्याकडे तसं नाही, लोकसंख्येचा हिशेब इथंही आहे, फक्त लहान राज्यांना थोडं झुकतं माप आहे.

मतदानाची पद्धत अनेकांना गूढ वाटते, पण ती कागद-पेन्सिल घेऊन समजते. समजा सहा जागा आहेत आणि विधानसभेचे 288 आमदार मतदान करतात. प्रत्येक मताची किंमत 100 धरायची. झाले 28,800. जागा सहा, त्यात एक मिळवला की सात. 28,800 ला सातनं भागलं की 4,114 आणि वर थोडं. त्यात एक मिळवून अपूर्णांक सोडला की 4,115. हा कोटा. म्हणजे 42 आमदारांनी एखाद्या उमेदवाराच्या नावापुढं पहिली पसंती लिहिली की तो निवडून आला. एखाद्याला 48 जणांची पहिली पसंती मिळाली, तर कोट्याच्या वरचं मूल्य वाया जात नाही. त्या आमदारांनी दुसरी पसंती ज्याला दिली असेल त्याच्याकडे ते सरकतं. जून 2022 मध्ये महाराष्ट्रात सहा जागांना सात उमेदवार उभे होते आणि सहाव्या जागेसाठी धनंजय महाडिक आणि संजय पवार या दोन कोल्हापूरकरांमध्येच चुरस लागली. निकाल पहाटे लागला. भाजपच्या पहिल्या दोन उमेदवारांच्या जादा मतांचं मूल्य दुसऱ्या पसंतीनं महाडिकांकडे गेलं आणि ते आले. रात्रभर टीव्हीसमोर बसलेल्या आपल्याकडच्या लोकांनी तेव्हा 'दुसरी पसंती' हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकला असेल.

या हिशेबात आपण कुठं आहोत? सांगली जिल्ह्याचे आठ आमदार, साताऱ्याचे आठ. दोन्ही मिळून 16. एका खासदाराला लागणाऱ्या 42 च्या निम्म्याहूनही कमी. तरीही दुवा हाच आहे. तुम्ही जतला किंवा पाटणला विधानसभेसाठी बटण दाबता, तेव्हा राज्यसभेसाठीचा मतदारही निवडत असता. प्रचारात हे कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लोकसभा पाच वर्षांनी संपूर्ण नवी येते. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या 19 पैकी 2022 ला सहा जागा रिकाम्या झाल्या, 2024 ला सहा, आणि 2026 ला सात. आपल्या भागात साखर कारखान्याची निवडणूक कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पॅनेल लागलं की सगळं संचालक मंडळ एका रात्रीत बदलतं, पडलं की सगळंच पडतं. राज्यसभेत असं पॅनेल एका लाटेत आणता येत नाही. तिथं बहुमत हवं असेल, तर एकामागून एक राज्यं जिंकावी लागतात आणि त्याला वर्षं लागतात.

याचा परिणाम 1989 मध्ये स्पष्ट दिसला. मला राज्यसभेचं काम समजावून सांगायचं असतं तेव्हा मी नेहमी हेच उदाहरण घेतो.

1984 च्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेत 400 च्या वर जागा मिळाल्या होत्या. राजीव गांधींच्या सरकारनं 1989 मध्ये पंचायत राज घटनेत आणण्यासाठी 64 वी घटनादुरुस्ती मांडली. नगरपालिकांसाठी 65 वी होती. उद्देश चांगला होता. देशातल्या कितीतरी राज्यांत पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षं होत नव्हत्या, सरकारला वाटेल तेव्हा त्या बरखास्त व्हायच्या. लोकसभेत विधेयक सहज पार पडलं. 13 ऑक्टोबर 1989 रोजी राज्यसभेत मात्र मोजकी मतं कमी पडली आणि ते पडलं. का? मधल्या काळात पश्चिम बंगाल, आंध्र प्रदेश, कर्नाटक, केरळ, हरियाणा अशा राज्यांनी वेगवेगळ्या वेळी दुसऱ्या पक्षांना कौल दिला होता आणि त्या विधानसभांनी आपली माणसं राज्यसभेत पाठवली होती. लोकसभेत 1984 ची लाट बसली होती. राज्यसभेत त्यानंतरच्या राज्यांच्या निवडणुकाही बसल्या होत्या.

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा होता की हा कायदा राज्यांना वळसा घालून दिल्लीचा हात थेट गावात नेतो. तो आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. त्या मसुद्यात पंचायतींच्या निवडणुका केंद्राच्या निवडणूक आयोगाकडे आणि हिशेबतपासणी देशाच्या महालेखापरीक्षकांकडे द्यायची होती. महाराष्ट्राला हे जरा विचित्रच वाटलं असणार. आपल्याकडे देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं 1961 चा कायदा करून 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू केल्या होत्या. ज्या राज्यानं हे आधीच उभं केलं होतं, त्याच्या निवडणुका आणि हिशेब दिल्लीनं का बघायचे?

नरसिंह राव यांच्या सरकारनं विषय पुन्हा हातात घेतला तेव्हा नव्या मसुद्यावर संसदेच्या संयुक्त समितीत चर्चा झाली. डिसेंबर 1992 मध्ये दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला, निम्म्याहून अधिक राज्यांनी संमती दिली आणि 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली. पाच वर्षांची मुदत, महिलांना किमान एक तृतीयांश जागा, राज्य वित्त आयोग हे सगळं तिच्यात आहे. निवडणुका मात्र आता प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे आल्या आणि हिशेबतपासणी राज्यांच्या कायद्यावर सोडली गेली. आज वाळव्यात किंवा कोरेगावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागते, तेव्हा आचारसंहितेच्या आदेशावर राज्य निवडणूक आयोगाचं नाव असतं. 1989 चं विधेयक जसंच्या तसं मंजूर झालं असतं, तर तिथं केंद्राच्या आयोगाचं नाव असतं. तीन वर्षांच्या खोळंब्यानं कायदा मेला नाही. तो राज्यांना मान्य होईल अशा रूपात परत आला, आणि म्हणून टिकला असं मला वाटतं.

आता राज्यसभेला जे करता येत नाही ते. सरकार पाडणं तिच्या हातात नाही. मंत्रिमंडळ फक्त लोकसभेला जबाबदार असतं आणि अविश्वासाचा ठराव तिथंच येतो. पैशाचा शेवटचा शब्दही लोकसभेचा. धनविधेयक, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचं विधेयक, राज्यसभेकडे जातं, पण 14 दिवसांत ते सूचनांसह किंवा सूचनांशिवाय परत करावं लागतं आणि सूचना मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. एखादं विधेयक धनविधेयक आहे का, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथं. 2016 चा आधार कायदा धनविधेयक म्हणून आला. राज्यसभेनं त्यात पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेनं त्याच दिवशी त्या फेटाळल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं हे ग्राह्य धरलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र आपल्या वेगळ्या निकालपत्रात याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. रेशनपासून बँकेपर्यंत प्रत्येक माणसाच्या आयुष्याला हात घालणारा कायदा फक्त पैशापुरता आहे, असं म्हणता येत नाही.

साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जुळलंच नाही, तर संयुक्त बैठक बोलावता येते. तिथं 543 विरुद्ध 245 असं गणित असल्यानं लोकसभेचं पारडं जड असतं. आजवर असं तीनदाच झालं: 1961 मध्ये हुंडाबंदीसाठी, 1978 मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि 2002 मध्ये दहशतवादविरोधी पोटा कायद्यासाठी. घटनादुरुस्तीला मात्र ही पळवाट नाही. तिथं राज्यसभेचा होकार लागतोच, म्हणून 1970 आणि 1989 घडू शकलं.

काही अधिकार तर फक्त राज्यसभेचेच आहेत. शेती, पोलीस, सार्वजनिक आरोग्य हे राज्यांच्या यादीतले विषय. त्यावर संसदेनं कायदा करावा असं राष्ट्रहितासाठी वाटलं, तर कलम 249 नुसार आधी राज्यसभेनं दोन तृतीयांश बहुमतानं ठराव करावा लागतो. राज्यांच्या अंगणात पाऊल टाकायचं तर राज्यांच्या सभागृहाला विचारून, असा त्यामागचा विचार. नवी अखिल भारतीय सेवा सुरू करायलाही असाच ठराव लागतो.

हे सगळं कागदावर उत्तम आहे. व्यवहारात राज्यसभा नेहमी आपलं काम करते का? नाही. 2015 मध्ये भूसंपादन कायदा सैल करणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत सरकारकडे संख्या नव्हती. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि ऑगस्टअखेर अध्यादेशाची मुदत संपू दिली गेली. ज्यांच्या शेतातून महामार्ग जातो, त्या शेतकऱ्याच्या संमतीचा मुद्दा त्यामुळं चर्चेत टिकला. 2020 मध्ये उलट झालं. बाजार समित्यांबाहेरच्या शेतमाल व्यापाराचा आणि करार शेतीचा असे दोन कायदे 20 सप्टेंबरला राज्यसभेत गोंधळात, आवाजी मतदानानं मंजूर झाले. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मतं मोजून निर्णय, मागितली होती, बारकाईनं तपासायला निवडक सदस्यांच्या प्रवर समितीकडे पाठवा असंही म्हटलं होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा करणारा अडत्या, हमाल, माल घेऊन आलेला शेतकरी, या सगळ्यांच्या रोजच्या व्यवहाराला हात घालणारे हे कायदे होते. ते चांगले होते की वाईट यावर यार्डातच दोन मतं निघतील. पण असा विषय समितीत बसून राज्याराज्यांचं ऐकून घेण्यासाठीच तर हे सभागृह आहे. तिथं झाली नाही ती चर्चा दिल्लीच्या सीमेवर वर्षभर झाली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घेतले गेले.

दुसरं दुखणं 2003 चं. त्याआधी राज्यसभेचा उमेदवार त्या राज्यातला मतदार असावा लागे. 2003 च्या दुरुस्तीनं ती अट काढली आणि मतदानही खुलं झालं. आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून पेटीत टाकतो. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे दोन्ही बदल वैध ठरवले. त्यामुळं तमिळनाडूचे पी. चिदंबरम 2016 मध्ये महाराष्ट्रातून जाऊ शकले आणि पुण्याचे प्रकाश जावडेकर 2014 मध्ये मध्य प्रदेशातून. दोघंही अनुभवी, यात वाद नाही. पण राज्याच्या सभागृहात राज्याचा माणूस नको का? सगळेच पक्ष हे करतात, म्हणून त्यावर कुणीच बोलत नाही. खुल्या मतदानानं घोडेबाजाराला थोडा आळा बसला हे खरं; रहिवासाची अट काढण्याचं मात्र एकही पटणारं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

'मागच्या दाराने' ही टीकाही आपल्याकडे नेहमी ऐकू येते. साताऱ्यात उदयनराजे भोसले 2019 ची लोकसभेची पोटनिवडणूक हरले, 2020 मध्ये राज्यसभेत गेले आणि 2024 मध्ये पुन्हा लोकसभेवर थेट निवडून आले. त्यांच्या राज्यसभेवर जाण्यावर जे बोललं गेलं ते साताऱ्यात सगळ्यांना आठवत असेल. माझा निकष साधा आहे. माणूस कुठल्या दारानं आला यापेक्षा तिथं बसून त्यानं काय विचारलं, कुठल्या समितीत काम केलं, हे बघावं. कराडचे पृथ्वीराज चव्हाण 2002 ते 2010 राज्यसभेत होते आणि त्या काळात पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री म्हणून त्यांनी काम केलं. राष्ट्रपतीनियुक्त 12 जणांनाही हाच निकष लावावा. बालपण सांगलीत घालवलेल्या लतादीदी 1999 ते 2005 सदस्य होत्या. सभागृहात त्यांची हजेरी फार थोडी होती. धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे 1953 मध्ये नेमले गेले होते. कला आणि विद्वत्तेचा मान राखायला भारतरत्न आहे, आणि तो या दोघांनाही मिळाला. राज्यसभेच्या खुर्चीत बसून काम करावं लागतं, हे नेमणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

जाता जाता एक गल्लत दूर करतो. विधान परिषद ही वेगळी. ती राज्याच्या विधिमंडळाचं वरिष्ठ सभागृह आहे, 78 सदस्यांचं. पदवीधर आणि शिक्षक म्हणून आपल्यापैकी काहीजण जे मत देतात ते तिथल्या पुणे विभागाच्या जागांसाठी. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मत देतात ते सांगली-सातारा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघासाठी. वरिष्ठ सभागृहातून किती मोठं काम उभं राहू शकतं याचा दाखला या परिषदेनंच दिलाय. तिचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे आपल्या सांगली जिल्ह्याचे. कामाची हमी देण्याची त्यांची कल्पना तासगाव तालुक्यात आकाराला आली, 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशानं त्याच धर्तीवर रोजगार हमीचा कायदा केला.

राज्यसभेच्या सदस्याला जिल्ह्याचा मतदारसंघ नसतो. 19 च्या 19 जण साऱ्या महाराष्ट्राचे, म्हणजे शिराळ्याचेही आणि माणचेही. त्यांना खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी मिळतात आणि तो पैसा राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यातल्या कामासाठी ते सुचवू शकतात. त्यांनी विचारलेले तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, मंत्र्यांची उत्तरं आणि हजेरी राज्यसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी बघायला मिळते. कृष्णेच्या पुरावर, द्राक्षाच्या निर्यातीवर, उसाच्या दरावर त्या 19 जणांपैकी कुणी काय विचारलं ते तिथं शोधा, आणि काहीच सापडलं नाही तर पत्र लिहून त्यांनाच विचारा. लोकसभेच्या खासदाराला पत्र लिहिताना आपण कचरत नाही. यांनाही तसंच लिहायचं.